नुसत्या पेशी

मुंगीने आज फोनवर एकही शिवी दिली नाही, तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही.

मुंगी म्हणजे माझी मुलगी. लहानपणापासून तोंडाची फाटकी. बस चुकली तर बसला शिवी, दूध उतू गेलं तर दुधाला. आज मात्र जे काही सांगितलं ते बातम्या वाचाव्यात तसं सांगितलं, आणि शेवटी नुसतं "हो आई". अंथरुणावर पडून काही उपयोग नव्हता, म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लिहीत बसले आहे.

नाव तिच्या बाबांनी ठेवलं. शाळेत जायच्या आधीपासून ही अंगणात पालथी पडून मुंग्यांची रांग बघत राहायची. ऊन डोक्यावर आलं तरी हलायची नाही. "एवढं काय बघतेस?" म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मेलेलीला घेऊन चालल्यात." बाबा हसले. मी नाही हसले. मला तेव्हाच वाटलं, ही पोर या बघण्यापायी कधीतरी स्वतःला दुखवून घेणार.

ती सोळा वर्षांची असताना बाबा गेले. पोटाचं साधं ऑपरेशन, पण टेबलावरून उठलेच नाहीत. काय झालं ते कुणी नीट सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगे, देवाची इच्छा. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात गं." मुंगी त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली होती. पेला पुढे करत म्हणाली, "मग तुम्हाला अजून बराच वेळ आहे, काकू."

मी तिला आत नेऊन रागावले. त्या दिवसापासून तिने देवाचं नाव टाकलं. मी सकाळी देवापुढे बसले की ती चपला घालून बाहेर जायची.

शिकून ती दुसऱ्या गावी एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात लागली. मूल होत नाही अशा जोडप्यांचं बीज तिथे शरीराबाहेर जुळवतात, तो जीव काही दिवस काचेच्या बशीत वाढवतात आणि मग आईच्या पोटात सोडतात. बशा सांभाळायचं काम मुंगीचं. रोज मायक्रोस्कोपखाली बघायचं, वाढ नीट होते आहे ना.

नोकरी नवी असतानाच एकदा भर दुपारी तिचा फोन आला.

"आई, काल दोन होत्या, आज चार झाल्यात! कुणी शिकवलं गं त्यांना?"

"कशाच्या चार?"

"पेशी गं! इतक्या शिस्तीत, इतकं... च्यायला, शब्दच सापडत नाही." मग चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "मी हात जोडले."

"कुणाला?"

"ते विचारू नकोस. कुठलं रसायन काय करतं ते सगळं मला पाठ आहे. तरी जोडले गेले."

मी स्वतः रसायनशास्त्र शिकले आहे. कॉलेजात आम्ही मोरचुदाच्या पाण्यात दोरा सोडून ठेवला होता. काही दिवसांनी त्यावर निळा खडा धरला, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. बाकीच्या मुली निरीक्षण उतरवून घेत होत्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी. देवापुढे बसल्यावर ज्या दिवशी खरोखर मन लागतं, त्या दिवशी जे होतं, तेच तिथे झालं होतं. हे मी कुणापाशी बोलले नव्हते, लोक हसले असते. त्या दुपारी लेकीला सांगितलं. ती हसली नाही. देवावरून आमच्यात इतकी वर्षं अबोला होता, तो सुटला.

सुट्टीला आली की घरात तिचे कायदे. बशीतल्या जिवांना वास सोसत नाही म्हणे. त्यामुळे सेंट नाही, वासाचं तेल नाही, उदबत्तीसुद्धा नाही, धूर केसांत राहतो.

"माझ्या देवाची उदबत्ती बंद केलीस की गं," मी म्हणायची.

"तुझ्या देवाला सवय आहे. माझ्या पिल्लांना नाही."

पिल्लं म्हणायची ती त्यांना. आणि गेल्या महिन्यात त्यातली एका बशीतली सगळी मेली.

या बशा एका ऊबदार पेटीत असतात आणि पेटीला सतत गॅस लागतो. सिलिंडर रात्रीत संपला. संपत आला की वाजणारा अलार्म आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच बंद केला होता, बाहेरच्या पेशंटना पिरपिर ऐकू जाते म्हणून. सिलिंडर बदलायला सांगायचं मात्र विसरल्या. सकाळी मुंगीने पेटी उघडली तेव्हा सगळं थांबलं होतं. त्या रात्री पेटीत एकच बशी होती, शिवणकाम करणाऱ्या एका बाईची. तिची ही शेवटची खेप, यापुढे शरीर साथ देणार नव्हतं.

नवरा-बायकोला समोर बसवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आम्ही आमच्याकडून सगळं केलं. पण विज्ञानाच्या वरही कुणीतरी आहे. त्याच्या मनात नव्हतं." मग मुंगीकडे वळून, "हो ना गं?"

मुंगीने मान डोलावली.

शिवणवाली मुंगीचा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही रोज बघत होता त्यांना. तेवढं तरी झालं."

महिनाभर मुंगीने मला यातलं काही सांगितलं नाही. आज सांगितलं, कारण आज ती बाई पुन्हा आली होती. ओठ सुकलेले, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. एक दिवस अन्न, एक दिवस काहीच नाही, असं चाललंय तिचं. सासूने सांगितलंय, देवाच्या मनात नव्हतं म्हणजे तुझंच काहीतरी पाप असणार, ते फेड. तिने मुंगीला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही आत बघत होता ना? काही दिसलं होतं का? पाप दिसतं का त्यात?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही. पाणी दिलं. घोटभर प्यायली. म्हणाली, उद्या तेही नाही."

मग म्हणाली, "आई, मला आता ते दिसत नाही. आज एका बशीत चाराच्या आठ झाल्या होत्या. नुसत्या पेशी. मोजल्या आणि झाकण लावलं." आणि मग, "सांगू का तिला?"

मी म्हटलं, "आता झोप. उद्या बोलू."

"हो आई."

असं का म्हटलं ते मला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाईंचं नाव मोठं आहे. सगळं मुंगीवर ढकलायला त्यांना दोन वाक्यं पुरतील, त्या सकाळी लॅबमध्ये पहिली तीच शिरली होती. मग कुठलीही लॅब तिला दारात उभं करणार नाही. आणि तिच्या मागे आहे कोण, मी एकटी. गप्प राहिली तर नोकरी राहील, पगार येईल, दिवस जातील. पण अशा गप्प राहिलेल्या मुलीच्या डोळ्यांचं काय होतं, ते आज ऐकलं. रोज बशा उघडायच्या आणि झाकायच्या. लोक निवृत्त होईपर्यंत अशा नोकऱ्या करतात, हेही मला माहीत आहे.

आज संध्याकाळी देवापुढे बसले आणि लगेच उठले. त्याच्या नावावर एक रिकामा सिलिंडर खपवला गेला आहे. हे ज्या तीन बायकांना माहीत आहे त्यातली एक आता मी आहे, आणि चौथी त्यापायी उपाशी मरते आहे. खरं कळलं म्हणून तिचं मूल परत येणार नाही. कदाचित ती मुंगीच्या थोबाडीत मारेल. मारू दे. निदान जेवेल तरी.

उद्या तिचा काही न खाण्याचा दिवस आहे.

सकाळपर्यंत थांबले तर मला पुन्हा शहाणपण सुचेल. मुंगी जागीच असणार. तिला सांगते, पहिल्या बसने मी येते, आपण दोघी त्या बाईच्या घरी जाऊ. बोलायचं तिनेच, मी शेजारी बसेन. नोकरीचं मागाहून बघू.

फोन लावते.