जोडीनं पाहिलेली रत्नागिरी

नव्या जोडप्यानं पहिल्यांदा देवाला जायचं ते जोडीनं, असं आमच्या सासरी म्हणत. जोडीनं म्हणजे मी, नवरा, सासू, सासरे, दोन नणंदा, त्यांची पोरं आणि उरलेल्या जागेत चुलत सासरे! नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाईत वाढलेली मी लग्न होऊन इस्लामपूरजवळच्या ऊसवाल्या घरात आले होते. गणपतीपुळ्याचं दर्शन उरकलं आणि सासऱ्यांनी भाड्याची जीप रत्नागिरीकडे वळवली. आलोच आहोत तर सगळं बघून घेऊ म्हणाले.

मला काहीएक बघायचं नव्हतं. नवरा फौजेत. रजा संपलेली, परतल्यावर लगेच पहाटे मिरजेहून त्याची गाडी. पलटणीत फॅमिली क्वार्टर मिळतं असं लग्नाआधी तोच म्हणाला होता. लग्नानंतर मात्र चकार शब्द नाही. देवदर्शन होईपर्यंत जोडप्याला एका खोलीत पाठवत नसत, आणि मोठ्यांसमोर नवरीनं नवऱ्याशी बोलायचं नाही. मग मी विचारू कधी आणि सामान बांधू कधी? जीव नुसता टांगणीला लागला होता.

पहिला थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी इथं कैदेत ठेवलं होतं. तिथला माणूस म्हणाला, राजा राणीसकट राहायचा. घ्या! कैद्याला जमतं ते आमच्या शिपायाला जमत नाही. मी नवऱ्याकडे चांगलं रोखून बघितलं. तो भाच्याला खांद्यावर घेऊन पुढच्या दालनात गेला.

मग मत्स्यालय. तिथल्या अंधाऱ्या बोळात गाठते त्याला, असं ठरवून मी पाय उचलला, तोच सासूबाईंना काचेत कासव दिसलं. झालं! देवळात कासवाला हात लावल्याशिवाय पुढं न जाणारी बाई. त्यांनी चपला काढल्या, काचेला हात लावून नमस्कार केला, खाली चार आणे ठेवले आणि माझा दंड धरून मलाही वाकवलं. मी मान वर करेपर्यंत नवरा बाहेर उसाचा रस पीत होता. घरी उसात लोळणारी माणसं इथं येऊन रसच पितात, काय बोलणार!

दीपगृहाच्या जिन्यानं मात्र माझी बाजू घेतली. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, नणंदा पोरांपाशी थांबल्या, दोघे सासरे जीपपाशी. वर आम्ही दोघंच. वर वारा भणाणत होता, खाली सगळा समुद्र. मी पदर धरून सरळ विचारलं, "मला नेणार आहात की नाही?"

तो समुद्राकडेच बघत राहिला. "आईला विचारलं. ती नको म्हणते. तिचा शब्द मोडवत नाही मला."

मी जिना कसा उतरले ते मलाच ठाऊक. अंगाची लाही लाही झाली होती. लेकीसारखी म्हणून जवळ घेणारी बाई, आणि पोटात हे?

भाट्याच्या किनाऱ्यावर सासूबाई लुगडं वर खोचून पाण्यात उभ्या होत्या. मी चपलांसकट पाण्यात शिरले. "आत्या, मला पाठवायला तुम्ही का नको म्हणालात?"

"मी?" त्या वळल्या. "मला कवा इचारलं त्यानं?"

"ते म्हणतात, आई नको म्हणते."

त्या तशाच ओल्या वाळूत बसल्या. लाट येऊन लुगडं भिजवून गेली तरी हलल्या नाहीत. सासरेही फौजेतलेच, सगळी नोकरी त्यांनी एकट्यानं काढली होती.

"ह्यांनी बी मला असंच सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "आई नगं म्हणती. मी त्या म्हातारीचा लय राग केला गं. जीव जाताना तिनं माझ्या हातचं पाणी मागितलं, तर मी जावंला धाडलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. मी त्यांच्याजवळ बसले.

तेवढ्यात सासरे जीपपाशी उभं राहून ओरडले, "चला, बसा लवकर, उशीर हुतोय!"

सासूबाई उठल्या. वाळूही झटकली नाही. मोठ्या माणसांसमोर नवऱ्याशी त्या कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या.

"आवं, गाडी ऱ्हाऊ द्या," त्या सगळ्यांदेखत ओरडल्या, "आधी हिकडं या. आन तुमच्या त्या पोराला बी घिऊन या."