खानसामाचाचांची शिकवणी

नळदुर्गच्या डाकबंगल्यातले खानसामाचाचा दाढीसकट मडम व्हायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसायचे, चमचा नाकासमोर धरायचे आणि बारीक आवाजात विचारायचे, "ये चमचा किसने धोया?" आम्ही तिघी बाया पदर तोंडात कोंबून हसायचो. हसलो की पुन्हा दारापासून चालत यायचं, ट्रेवर काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन.

किल्ला बघायला येणारे वाढले होते, बंगल्यात माणसं हवी होती. आम्ही सडकेवर खडी फोडायचो, तिथून चाचांनी आम्हाला हेरलं. म्हणाले, "घण उचलणाऱ्या हाताला बशी काय जड?" जड नव्हती हो, पण माझ्या हातात ती टाळासारखी वाजायची. त्यात जागा मंजूर दोनच. एकीला खडीवर परत जावं लागणार, आणि ती मीच, हे मी धरूनच चालले होते. नवरा वारलेला, घरात तीन लेकरं.

चाचांचा एक नियम फार कडक. "घरी तीनदा आग्रह करा. इथं पाव्हणा नको म्हणला की नको. पुन्यांदा विचारायचं न्हाय."

परीक्षेला मोठे साहेब आले, ते निघाले आपल्या परंड्याकडचे. मी पुरणपोळी पुढं केली. रीतीप्रमाणं ते म्हणाले, "नको, नको." मी पोळी उचलून आत. भाजी नेली. "राहू द्या." तीही आत. भात नेईपर्यंत साहेबांचं तोंड एवढंसं झालं होतं. दाराआड चाचांनी कपाळावर हात मारला, धावत आले आणि साहेब नको नको म्हणत असताना चार पोळ्या ताटात घातल्या. "खावा साहेब. चुकी माझी हाय, पोरीनं माझंच ऐकलं." साहेबांना हसून हसून ठसका लागला. वर आणखी दोन मागून घेतल्या.

हात पुसत साहेब म्हणाले, "तयार केल्यात झकास. पण जागा दोन, बाया तीन. कुणाला गाळू?"

मी उष्टं ताट उचलायला वाकले.

"कुणालाच न्हाय," चाचा म्हणाले. "तिसरीला माझी जागा लिहा. म्या थकलो आता."

थकले कसले डोंबलाचे! म्हातारा सगळं आधीच ठरवून बसला होता.

महिना भरला तसे ते पत्र्याची ट्रंक घेऊन लेकीकडं हैदराबादला निघाले. मोटारीपाशी मला रडू आवरेना. म्हणाले, "रडतीस काय बेटा? येतो की पाव्हणा हून. बघतो कशी वाढतीस."

त्या जागेवर माझी तिन्ही लेकरं शिकली. चाचा काही आले नाहीत. मी वाट फार पाहिली.