चेअरमनबाई आणि पिवळे टोप

चेअरमनबाई बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, डोक्याकडे बघत. पहिल्यांदा भेटणारा माणूस हमखास केसांवरून हात फिरवायचा, टोपी सरळ करायचा, नाहीतर वर काही बसलंय की काय म्हणून मान उचलून पाहायचा. मी बी.कॉम. होऊन आमच्या मजूर सोसायटीत सेक्रेटरी म्हणून लागलो, त्या दिवशी बाई बराच वेळ माझ्या भांगाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सेक्रेटरीभाऊ, डोकं मोठं हाय तुमचं. जपा." मला वाटलं, शिक्षणाचं कौतुक करताहेत. आठवडाभर मी छाती काढून हिंडलो.

कागदावर त्यांचं नाव कोंडाबाई. तेरच्या अलीकडे आमचं गाव. गावातल्या बौद्ध वस्तीतल्या भूमिहीन घरांनी मिळून सोसायटी काढली, तेव्हा चेअरमन कोण यावरून दोन पुरुषांत जुंपली आणि ते मिटेना, म्हणून तात्पुरतं बाईंचं नाव घातलं गेलं. ते तात्पुरतं पंधरा-सोळा वर्षं चाललं. बाईंना सही येत होती, वाचताना अडखळायच्या. ठराव मी वाचून दाखवायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. मी एकदा मोठ्या हौसेनं 'यथाशक्ती प्रयत्न करण्यात यावेत' असं लिहिलं होतं. बाईंनी डोळे उघडले. "ह्ये यथाशक्ती काढा. करायचं आसंल तर करायचं, न्हायतर लिवायचं कशाला?" त्यानंतर माझ्या लिहिण्यातून असले शब्द गेले ते गेलेच.

एका दुष्काळी वर्षी तेरणा नदीत नुसती वाळू उरली होती. सोसायटीला आसपासच्या गावांतल्या विहिरी खोल करायचं काम मिळालं. पन्नास-साठ फूट खोल विहीर, तळाशी दहा-बाराजण पहारी घेऊन, काठावर लाकडी यारी, आणि यारीच्या दोराला टांगलेली दगडांची पाटी त्या माणसांच्या डोक्यांवरून हेलकावत वर यायची. एके दिवशी पाटीतून मुठीएवढा दगड निसटला आणि अंबादासच्या खांद्याला चाटून गेला. अंबादास आमचा सगळ्यात धट्टाकट्टा गडी. त्यानं खांदा चोळला, दगडाला एक शिवी हासडली आणि पुन्हा पहार उचलली. बाई काठावर उभ्या होत्या. त्यांनी तो दगड वर मागवून घेतला आणि पदरात बांधला.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या बैठकीत त्यांनी तो टेबलावर ठेवला. "ह्यो इतभर अलीकडं पडला आसता तर?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "खाली उतरणाऱ्या परत्येकाला डोक्याला टोप पायजे. धरणाच्या कामावर घालत्यात तसला. ठराव लिवा."

खोलीत हसू पिकलं. अंबादास म्हणाला, "बाई, आपल्या बापजाद्यांनी उघड्या डोक्यानंच हिरी खांदल्या की."

"व्हय. माझा बाप बी त्यातच हुता. वरनं आवाज आला की डोक्यावर हात ठिवायचा. हातानं दगूड आडतो व्हय?"

ठराव झाला. टोप आणायला सोलापूरला जाण्याआधी बाईंनी प्रत्येक गड्याच्या डोक्याचं माप घेतलं. सुताचा दोरा कपाळाभोवती फिरवायचा, जुळेल तिथं गाठ मारायची. कोणता दोरा कोणाचा हे त्यांनी लिहून ठेवलं नव्हतं, पण बारा दोऱ्यांत त्यांची एकदाही गल्लत झाली नाही.

बांधकामाचं सामान विकणाऱ्या त्या सोलापूरच्या दुकानात आम्ही दोन तास होतो. दुकानदारानं आधी मोटारसायकलीचं हेल्मेट काढलं. बाईंनी पदरावरून ते डोक्यात घातलं आणि मला म्हणाल्या, "दारात जाऊन 'दगूड!' म्हणून वरडा." मी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी हळूच म्हणालो, "दगड." बाईंनी हेल्मेट काढलं. "वरडला का?" मग मी खरंच ओरडलो. रस्त्यावरचा एक टांगा थांबला. पण बाईंना आत काही नीट ऐकू आलं नव्हतं. "ह्यात कान बंद व्हत्यात. वरचा वरडतोय आन् खालच्याला पत्ता न्हाय," असं म्हणून त्यांनी ते परत केलं.

मग निघाले काळे चकचकीत टोप. घातले की माणूस फौजदारासारखा दिसायचा. मी एक घालून दुकानाच्या आरशात पाहिलं आणि मला मीच आवडलो. "बाई, हेच घेऊ. हे गडी आनंदानं घालतील." बाईंनी तो हातात घेतला, आत आपला पंजा घातला आणि दुकानदाराला म्हणाल्या, "वरनं वजनानं ठोका." त्यानं भीत भीत एक वजन आपटलं. बाईंनी हात काढून बोटं झटकली. मग त्यांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेले पिवळे टोप बघायला मागितले. हळदीसारखा पिवळाजर्द रंग, आणि घातल्यावर डोक्यावर वीतभर उंच बसायचे, पातेलं पालथं घातल्यागत. दुकानदार स्वतःच म्हणाला, "हे कोणी नेत नाही हो. ध्यान दिसतं माणूस."

बाईंनी आत हात घातला. आतल्या पट्ट्या डोक्याला धरून होत्या आणि पट्टी अन् टोप यांच्यामध्ये चांगली चार बोटं पोकळी होती. म्हणून तर तो उंच बसत होता. "ठोका," त्या म्हणाल्या. वजन आपटलं. बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी हनुवटीखाली पट्टा बांधला आणि भर दुकानात उकिडव्या बसल्या. पहार मारल्यासारखं केलं, पाटी भरल्यासारखं केलं, वाकल्या, मान मागं टाकून छताच्या पंख्याकडे बघितलं. टोप हलला नाही. गिऱ्हाइकं तोंडावर रुमाल धरून हसत होती. मी खांबाकडे तोंड करून उभा राहिलो.

"पण बाई, दिसायला..."

"दगूड पडताना बघत न्हाय, खाली कोण देखणं हाय त्ये."

बारा दोरे काढून त्यांनी बारा टोपांच्या पट्ट्या तिथंच जुळवून घेतल्या. एक तेरावा घेतला, स्वतःसाठी.

गड्यांनी अर्थातच घालायला नकार दिला. 'टोपडं' हे नाव पहिल्याच दिवशी पडलं. बाईंनी जबरदस्ती केली नाही. त्यांनी आपला टोप पदरावर चढवला आणि मग तो उतरवलाच नाही. पाणवठ्यावर, एसटीत, तालुक्याच्या कचेरीत, कळंबच्या बाजारात मिरच्या घेताना बाईंच्या डोक्यावर तो पिवळा ढीग. पोरं मागं लागायची. पाहुण्यांच्या लग्नात नवरी बघायची सोडून लोक बाईंकडे बघत होते. तीन आठवडे हे चाललं. मग लोक हसून हसून दमले. तेव्हा बाईंनी विहिरीवर सांगितलं, "आता हसायचं सगळं संपलंय. टोप न्हाय त्याला दोर न्हाय." गडी गुमान टोप घालून उतरू लागले. वर आले की मात्र पहिल्यांदा ते काढून फेकायचे.

त्या दिवसांत धाराशिवच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. समोर कॉलेजची पोरं खिदळत होती. मी विचारलं, "बाई, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

त्यांनी हनुवटीखालचा पट्टा सारखा केला. "वाटतं की. म्या काय दगूड हाय? पर हसल्यानं टेंगूळ येत न्हाय, सेक्रेटरीभाऊ."

त्यांना लाजच नाही असं सगळ्यांसारखं मीही धरून चाललो होतो. ती त्यांना आमच्याइतकीच होती आणि ती बाळगूनच त्या टोप घालून बसल्या होत्या, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मला त्यांचा एक प्रकारचा धाक वाटू लागला.

आणि तरी मी जे केलं ते केलंच.

कामाचं मोजमाप घ्यायला तालुक्याच्या कचेरीतून एक तरुण इंजिनिअर साहेब आले. नवी नोकरी, कोंबडा पाडलेले केस. बाईंनी टोप पुढं केला. साहेब हसले आणि मग चिडले. "मी हे घालून उतरलो तर मजूर हसतील. उद्या माझं कोण ऐकेल?"

"आमाला हसून दमलेत साहेब ते. तुमाला हसायला ताकद न्हाय उरली."

साहेब जीपमध्ये बसून निघून गेले. मोजमाप झाल्याशिवाय तळाच्या कातळाला पुढचा सुरुंग लावता येत नव्हता. काम थांबलं. त्या उन्हाळ्यात गावात दुसरं काम नव्हतं. पाचव्या दिवशी अंबादास बाईंच्या दारात उभा राहून सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणाला, "लेकरांच्या ताटात ही टोपडी वाढू का, बाई?" बाई आत गेल्या. ज्वारीनं निम्मी भरलेली गुंडगी आणून त्यांनी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती घेतली नाही.

मला ते बघवलं नाही. खरं सांगायचं तर, एका टोपासाठी एवढं ताणणं मला वेडेपणाचं वाटलं. मी गुपचूप साहेबांकडे गेलो. म्हणालो, बाई अडाणी आहेत, मनावर घेऊ नका, बाजाराच्या दिवशी या, त्या गावात नसतील.

साहेब आले. यारीवर अंबादास होता. त्यानं एक टोप माझ्यापुढं धरला. साहेब उघड्या डोक्यानं उभे होते. मी टोप घातला असता तर त्यांना खिजवल्यासारखं झालं असतं. मी तो बाजूला सारला. आम्ही उतरलो. मी टेपचं टोक धरून वाकलो होतो तेवढ्यात वरून अंबादासची किंकाळी आली, "दगूड!" विहिरीच्या उन्हानं तडकलेल्या भिंतीतून दगडाची एक कपची सुटली होती. ती सुटण्यात चूक कोणाचीच नव्हती. त्यापुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी जीपमध्ये होतो आणि साहेब आपल्या पांढऱ्या शर्टाचा बोळा माझ्या डोक्याला दाबून धरून रडत होते.

धाराशिवच्या दवाखान्यात मला नऊ टाके पडले. बाई तिसऱ्या दिवशी आल्या. त्या काय काय बोलतील याची मी मनात उजळणी केली होती आणि प्रत्येकाला उत्तरही तयार ठेवलं होतं. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि कमरेच्या पिशवीतून दोरा काढून माझ्या बँडेजभोवती अलगद फिरवला.

"बाई, माझं चुकलं."

"व्हय, चुकलं," त्या म्हणाल्या. दोरा बघितला आणि परत गुंडाळला. "सूज हाय आजून. आता पट्टी जुळवली तर मागनं सैल व्हईल. उतरली की परत मोजू."

एवढंच. मला त्यांच्याकडून रागावून घ्यायचं होतं, तेही त्यांनी मिळू दिलं नाही. उठताना म्हणाल्या, "त्या साहेबाला काय बोलू नका. लई भ्यालंय लेकरू."

साहेब पुन्हा आले ते स्वतः बाईंच्या घरी, डोक्याचं माप द्यायला. विहिरीवर त्यांनी टोप घातला तेव्हा सगळे गडी श्वास रोखून उभे. कोंबडा दबला, कान बाहेर आले, वर पिवळं पातेलं. पहिल्यांदा हसल्या त्या बाई. "साहेब, लई बेंगरूळ दिसताय!" आणि पदर तोंडाशी धरून त्या इतक्या हसल्या की साहेबही हसायला लागले, आणि मग विहिरीच्या तळापर्यंत हसू गेलं. टोप चांगला दिसतो असं बाईंनी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. काम त्या दुपारीच सुरू झालं. त्या संध्याकाळी गडी वर आले तेव्हा एकानंही टोप काढून फेकला नाही. अंबादास तर तो घालूनच घरी गेला.

पुढं मला जिल्हा बँकेत नोकरी लागली आणि मी सोसायटी सोडली. भूमला बदली झाली, मग आणखी लांब. गावाकडे जाणं कमी होत गेलं. बाई थकल्याचं आणि तेरला लेकीकडे राहायला गेल्याचं कळलं, तेव्हा मी मुद्दाम गेलो. त्या ओसरीत बाजेवर पडून होत्या. नजर गेली होती. मी वाकून जयभीम केला. त्यांनी हात वर करून माझं डोकं चाचपलं, टाक्यांच्या जागेवर बोटं थांबली, आणि लेकीला हाक मारली, "च्या टाक गं, सेक्रेटरी आलेत."

चहा होईपर्यंत लेक मला सांगू लागली. आजकाल आईला जेवलं की नाही हेही आठवत नाही. पण रोज संध्याकाळी ती आपल्या मनानं नावं घेत बसते, कोणाची ते आम्हाला ठाऊक नाही.

ऊन उतरल्यावर बाईंनी खरंच सुरुवात केली. बोटांची पेरं मोजत, सावकाश. अंबादास. त्याचा भाऊ. मग पुढचा, त्याच्या पुढचा. पहिल्या विहिरीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत सोसायटीचा जो जो माणूस दोर धरून खाली उतरला, त्या प्रत्येकाचं नाव. मधे अडखळल्या की मी सांगायला जायचो, पण त्या हातानं थांबवायच्या आणि स्वतःच आठवायच्या. साहेबांचं आडनावसुद्धा आलं. मग माझं.

"एवढी सगळी खाली गेली," लेकीकडे तोंड करून त्या म्हणाल्या, "आन् एवढी सगळी वर आली."

मग कूस बदलली आणि त्या शांत झोपल्या.