साडूंची जनमत संस्था

लोकांचं मत जाणून घेण्याची तळमळ आणि ते ऐकून घेण्याची नावड, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना मी फक्त आमच्या साडूंमध्ये पाहिल्या. बोर्डीला मास्तरकी करून ते निवृत्त झाले आणि पालघर जिल्हा नवा झाला त्याच वर्षी त्यांनी डहाणूतल्या आपल्या ओटीवर जनमत चाचणी संस्था काढली. "नव्या जिल्ह्याला स्वतःचं मत नको?" असा त्यांचा सवाल होता. अध्यक्ष तेच, पाहणी करणारेही तेच. माझी नेमणूक स्कूटर चालवण्यापुरती.

संस्थेचे निकाल नेहमी एकमुखी लागत. उत्तर पटलं नाही की साडूंमधला मास्तर जागा होई आणि समोरच्याला पटेपर्यंत समजावत बसे. गुजरात सीमेजवळच्या झाई गावात एका मासळीवालीला त्यांनी विचारलं, सकाळची बस लवकर हवी की उशिरा? ती म्हणाली, "लवकर." साडूंनी उशिराच्या बसचे फायदे आधी मराठीत सांगितले, मग गुजरातीत. शेवटी ती वैतागून म्हणाली, "उशिरा तर उशिरा! पण सरा बाजूला, माझे बोंबील उन्हात चाललेत." साडू खुशीत स्कूटरवर बसले. "बघा, लोकांना मत असतं. फक्त ते काढून घ्यावं लागतं."

मग तलासरीकडची जमीन हादरू लागली. धक्के पुन्हा पुन्हा बसत आणि पाड्यांवरची माणसं थंडीत अंगणात झोपू लागली. घाबरण्याचं काहीच कारण नाही असं साडूंचं ठाम मत असल्यामुळे त्यांनी लगेच चाचणी काढली. एका म्हातारीच्या घरात शिरून, भिंतीवर थापा मारत ते सांगत होते, "आजी, भिंत भक्कम आहे, खुशाल आत झोपा," एवढ्यात खालून घरघर झाली आणि कौलं खडखडली. सगळ्यांच्या आधी अंगणात पोचले ते साडूच, तेही एका चपलेवर.

म्हातारी मागून सावकाश आली. पाणी पुढे करत म्हणाली, "घ्या गुरुजी. मंग, घरात निजू का भायेर?"

मला हसू आवरेना. साडू हसले नाहीत. "बाहेर," एवढंच म्हणून खाली बसले. म्हातारी बोलू लागली. सुनेचं तान्हं बाळ, अंगावर पडणारं दव, जरा आवाज झाला की बाळाला उचलून होणारी धावाधाव. ऊन उतरलं तरी साडू मध्ये एका शब्दानेही बोलले नाहीत.

परतताना विवळवेढे गावाजवळ मी स्कूटर हळू केली. मी विचारलं, "निकाल काय लावायचा?"

"भीती वाटते त्यांना," ते म्हणाले. "मलाही वाटली."

त्यानंतर संस्था हळूहळू मिटली. आता मी ओटीवर गेलो की ते विचारतात, "तुमचं काय मत?" आणि खरोखरच थांबतात. मी बोलतो, ते ऐकतात. आणि उठताना उगाच वाटत राहतं, एकदा तरी त्यांनी मला मध्येच अडवावं.