टेमघरच्या दोन खोल्या

शुक्रवारी माग बंद असत, आणि त्या एका दिवशी भिवंडीला स्वतःचा श्वास ऐकू येई. धामणकर नाक्याजवळच्या आमच्या संगीतवर्गाखाली यंत्रमागांची शेड होती. आठवडाभर जिना चढून वर येणारा तिचा खडखडाट थांबला, की कापसाची बारीक धूळ उतरत्या उन्हात सोनेरी होऊन तरंगत राही, तेलाचा आणि खळीचा ओलसर वास खिडकीशी रेंगाळे, आणि त्या निवांतपणात दळवी सर मांडी घालून, व्हायोलिनचे टोक घोट्यावर टेकवून, तारा सुरात लावायला बसत. मी तेव्हा इथल्या शाळेत इंग्रजी शिकवीत असे आणि सरांकडे गाणे शिकत असे.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात, एका हिवाळ्यात, एल्स आमच्याकडे आली. हॉलंडमधल्या एका लहानशा गावातल्या संगीतशाळेत ती व्हायोलिन शिकवी. मुंबईतल्या एका मैफलीनंतर तिने सरांना गाठले होते, आणि जमिनीवर बसून वाजणारे व्हायोलिन पाहण्याच्या कुतूहलाने ती थेट भिवंडीला येऊन पोचली. निरनिराळ्या देशांतल्या तिच्या शाळेसारख्या कितीतरी शाळांनी एकमेकींचा हात धरलेला होता. एकीकडचा शिक्षक दुसरीकडे जाई, वाद्ये पाठवली जात, आणि जिथे शाळेला छप्पर नसे तिथल्या कारभाऱ्यांपुढे साऱ्या मिळून शब्द टाकीत. एल्स बोले, मी ते मराठीत सांगे, आणि आयुष्यभर भाड्याच्या एका खोलीत सूर जपलेले सर लहान मुलासारखे डोळे मोठे करून ऐकत राहात.

ठरले ते असे की नसीमाने वर्षभर एल्सच्या शाळेत जायचे. नसीमा इस्माईलभाईंची मुलगी. कैक पिढ्यांपूर्वी कोकणकिनाऱ्यावरून येऊन इथे रुजलेले त्यांचे घराणे, आणि खालची शेडही त्यांचीच. तिचा गज तारेवर टेकला की दुपार जरा हळू होते, असे मला वाटे. सरांच्या वर्गातली लहान मुले तिच्याच हाताखाली तयार होत होती. मुलांना एकत्र बसवून कसे शिकवावे, शाळा कशी चालवावी, हे सारे शिकून तिने परत यावे आणि सरांचे काम पुढे न्यावे, अशी ती योजना.

"एकच वर्ष तर आहे, सर," निघताना ती म्हणाली. "यूं गेली, यूं आली."

तिच्या मागे आम्ही परदेशी शाळांची शिफारस घेऊन नगरपालिकेचे जिने चढलो, समजावले, विनवले, पुन्हा समजावले. आणि टेमघरला, वापरात नसलेल्या एका प्राथमिक शाळेतल्या दोन खोल्या आमच्या वर्गाला मिळाल्या. हॉलंडहून लहान मुलांच्या मापाची व्हायोलिने आली. ती पेटीतून काढताना लाकडाचा आणि राळेचा परका, गोड सुगंध त्या नव्या चुन्याच्या वासात मिसळला. सरांनी दोन्ही खोल्यांतून एकेक आलाप घेतला आणि कुठली जास्त घुमते ते ठरवून टाकले. ती नसीमाची.

वर्ष सरत आले तेव्हा इस्माईलभाईंच्या ऑफिसात तिचा फोन आला. सरांशी बोलायचे आहे म्हणाली. मी सरांच्या शेजारीच उभी होते. तिथल्या शाळेत हिंदुस्थानी संगीताचा स्वतंत्र विभाग निघत होता, आणि त्यांनी तिला थांब म्हटले होते.

"सर, मी काय करू?"

तिचा आवाज मलाही ऐकू आला.

"तिथं रियाजाला वेळ मिळतो ना?" त्यांनी विचारले. मग म्हणाले, "मग राहा. इकडचं मी बघतो."

फोन ठेवल्यावर इस्माईलभाई खुर्चीवरून उठले. "सर, मला वाटलं तुम्ही ये म्हणाल," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मी तर तुमच्याच भरवशावर होतो. बापाने कसं बोलवायचं? पोर म्हणेल, अब्बांनी मोडता घातला."

बाहेर नाक्यावर टेम्पो आणि रिक्षांचा गलका उसळला होता. सर त्यातून काही न पाहता चालत राहिले, आणि घराच्या पायरीशी आल्यावर, मला की स्वतःला कोण जाणे, म्हणाले, "बोलावलं असतं तर आली असती हो."

पुढे सरांचा हात कापू लागला. दुसरे शिक्षक आले आणि ठाण्या-कल्याणकडे निघून गेले. मुले एकेक करून गळाली. दमट हवेत तारा गंजल्या. ज्या खोल्यांसाठी आम्ही इतके जिने झिजवले, त्यांच्या किल्ल्या एका वैशाखी दुपारी मीच नेऊन परत दिल्या. कोणी मागितल्या नव्हत्या. त्यानंतरच्या थंडीत सर गेले.

नव्वदीच्या अखेरीस नसीमा आली. केसांत रुपेरी छटा, पण हसणे तेच. इस्माईलभाईंच्या गच्चीत बसून ती तिथल्या मुलांविषयी सांगत होती. सोनेरी केसांची ती मुले आता सरांच्या बंदिशी म्हणतात, शब्द मराठी वळणाने उच्चारतात, 'ळ' मात्र काही केल्या त्यांना येत नाही. ऐकताना मला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या तळाशी काहीतरी सावकाश बुडत गेले. खाडीकडून वारा येत होता, मानकोलीच्या बाजूला आभाळ केशरी होत चालले होते.

"ताई, आमची शाळा आता कशी असेल, असं कधीकधी वर्गात शिकवता शिकवता मनात येतं," ती म्हणाली.

तिने कुठली शाळा म्हटली ते मला क्षणभर कळले नाही. मग कळले, आणि टेमघरच्या खोल्या परत दिल्याचे तिला अजून कोणीच सांगितलेले नाही, हेही कळले. ती माझ्याकडे पाहत होती.