निरोपाचं ताम्हन

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. अध्यक्षांच्या निरोप समारंभात त्यांना ओवाळायला त्या मुलीला मीच उभं केलं होतं.

बिबवेवाडीत आमच्या संस्थेचं वसतिगृह आहे. खेड्यातून कॉलेजसाठी आलेल्या मुली तिथे राहतात. संस्था अध्यक्षांनी उभी केलेली, मी चिटणीस. ती मुलगी खडकवासल्याच्या पलीकडच्या गावची. एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, अध्यक्षांच्या खोलीत मी परत जानार नाय. त्यांनी आतून कडी लावली. मी वरडले तवा सोडलं."

मी तिला पाणी दिलं. बघतो म्हणालो.

आणि बघितलं, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. तातडीची बैठक बोलावली. खजिनदार म्हणाले, "अहो, पोलीस आले तर वसतिगृहाला टाळं लागेल. बाकीच्या मुली जाणार कुठे?" शेवटी ठरलं, अध्यक्षांनी प्रकृतीचं कारण देऊन पायउतार व्हायचं आणि रिवाजाप्रमाणे शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप द्यायचा. कार्यकारिणीत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, "निरोप देताय की बक्षीस?" मग पोहे आले.

निरोपाला वसतिगृहातल्या मुलीनं ओवाळायचं, हीही आमची पद्धत. मला वाटलं, तिलाच उभं केलं तर कुजबुज थांबेल, तिच्याकडेही कोणी बोट दाखवणार नाही. तिचं भलं बघत होतो की आमचं, तेव्हा कळत नव्हतं. आता तरी कुठे नीट कळतंय. ताम्हन तिच्या हातात दिलं. "सर, मी?" एवढंच ती म्हणाली.

"आटप पटकन."

निरांजन हलत होतं. अध्यक्षांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या. त्याच आठवड्यात तिचे वडील तिची ट्रंक न्यायला आले. जाताना मला हात जोडून म्हणाले, "लई सांभाळलंत पोरीला."

अध्यक्ष मात्र गेलेच नाहीत. मार्गदर्शक म्हणून येत राहिले, खोलीही तीच. यंदा दुसऱ्या एका मुलीने आम्हाला न विचारता थेट पोलीस चौकी गाठली. अध्यक्ष आता कोठडीत आहेत. ही दुसरी मुलगी म्हणते, संस्थेलाही जबाबदार धरा. आमचे वकील म्हणतात, "माणूस वेगळा, संस्था वेगळी. संस्थेला आधीचं काही माहीतच नव्हतं. नव्हतं ना, चिटणीस?"

मी मान हलवली. कशी हलवली ते मलाच सांगता यायचं नाही. त्यांनी ती हवी तशी घेतली.

संस्था म्हणजे कोण, हे मला अजून उमगत नाही. इमारत? दारावरची पाटी? खजिनदार? ती पहिली मुलगी त्या दुपारी मला सांगायला आली, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण ती संस्थेकडे आली होती. टेबलाच्या अलीकडे मी बसलो होतो, एवढंच.

मी बोललो आणि वसतिगृह बंद पडलं, तर आजच्या मुलींचं काय? खजिनदारांचा तो प्रश्न अजून तसाच आहे. पण संस्थेला माहीत होतं, कारण मला माहीत होतं, हे पोलिसांना सांगायचं देणं मी लागतो. आणि त्याआधी त्या पहिल्या मुलीच्या गावी जाऊन, तिचं नाव घेऊ का, हे तिला विचारायचंही. दोन्ही अजून व्हायचं आहे.