मुका खांब

आमच्या घरात काही शब्दांना बंदी आहे. डब्यातले तांदूळ कधी संपत नाहीत, 'वाढतात'. बांगडी फुटत नाही, तीही वाढते. उंबऱ्यावर कुणी 'जाते' म्हटलं, तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या माणसाला परत घरात बोलावतात, 'येते' म्हणायला लावतात आणि मगच सोडतात. त्यापायी एकदा माझी परतूरची बस हुकली होती. लग्न होऊन वाटूरला आले तेव्हा मला या प्रकाराचा फार राग यायचा. आता माझ्याही तोंडी तेच बसलंय. सवय म्हणा, नाहीतर भीती म्हणा.

तर अशा घरात मागच्या हिवाळ्यात 'मुका' हा शब्द शिरला.

झालं असं, की माझ्या नवऱ्याच्या गळ्यात गाठ निघाली. दाढी करताना यांच्या बोटांना लागली. जालन्याला दाखवलं, सुईनं पाणी काढून तपासायला पाठवलं. गाठ साधी निघाली, वाईट काही नाही. ते ऐकून मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले. सुटलो, म्हटलं. पण गाठ मोठी होत होती, घास गिळताना अडायची, म्हणून ती काढायचं ठरलं. तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आवाजाची नस गाठीला अगदी लागून जाते. आम्ही जपूच. पण क्वचित आवाज जातो, आधी सांगितलेलं बरं."

हे शाळामास्तर. पण शाळा हे निमित्त. मास्तर नसते तरी हा माणूस बोललाच असता. चहा पिताना बोलतात, आंघोळीला गेले की आतून बोलतात. बसची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसाशी सोयाबीनवरून सुरू करतात आणि त्याच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोचतात. फाट्यावर लोक म्हणतात, मास्तर भेटला की बस गेलीच समजा. हा माणूस गप्प बसलेला कसा दिसेल, ते मला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना. फार भ्याले होते मी.

हाताला काम पाहिजे होतं. ऑपरेशननंतर टाक्यांना ऊन-वारा लागू द्यायचा नव्हता आणि हे मोटारसायकलवर शाळेत जाणार, म्हणून मफलर विणायला घेतला. धुरकट हिरवी लोकर आणली. क्रोशाची सुई घरात होती, पण मला साखळीपलीकडे काही येत नव्हतं. शिकवायला वडीगोद्रीच्या मोठ्या जाऊबाई. तिकडच्या निम्म्या दारांवर त्यांच्या हातची तोरणं आहेत. त्या फोनवरून सांगायच्या आणि मी विणायची.

वीण सोपी. एक खांब, एक मुका खांब, ओळभर तेच. पुढच्या ओळीत खांबावर मुका आणि मुक्यावर खांब. खांब म्हणजे उंच टाका, मुका खांब म्हणजे बुटका. उंच-बुटके शेजारी आले की लोकरीवर दाणे उठतात, मोसंबीच्या सालीसारखे. बोट फिरवलं की बरं वाटतं.

हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "झाला खांब? आता मुका घे."

हे पेपरच्या आडून म्हणाले, "घे की. मोठ्या जावेचं ऐकावं माणसानं."

मी डोळे वटारले. पण भलतीकडेच आग लागली होती. आत्याबाई कोपऱ्यात तूर निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. त्यांना त्या शब्दाचा दुसराच अर्थ ऐकू आला होता.

"काय म्हणली ती? मुका? ज्याच्या गळ्याला सुरी लागायचीय, त्याच्याच गळ्यात मुके बांधून राह्यली का तू?"

"आत्याबाई, टाक्याचं नाव हाय ते," फोनमधून जाऊबाई म्हणाल्या.

"मंग नाव बदला."

"आई, शब्दानं काही नस तुटत न्हाई," हे म्हणाले.

"तुला काय कळतंय? गप बस."

आणि आत्याबाईंनी स्वतःच जीभ चावली. 'गप बस' म्हणून गेल्या होत्या. मग उठून देवापुढे जाऊन आल्या आणि त्या दिवसापासून त्या टाक्याचं नाव 'बोलका खांब' पडलं. जाऊबाईही फोनवर मुकाट्यानं बोलका म्हणायला लागल्या.

मला हसू आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण दुपारी एकटीच विणत बसले की सुई त्या टाक्यापाशी अडायची. नाव बदललं तरी टाका तोच होता ना. प्रत्येक बुटक्या टाक्याला वाटायचं, आपणच यांच्या गळ्यात काहीतरी आवळतोय. शेवटी मी तो टाकाच सोडून दिला. सगळे नुसते उंच खांब घालत गेले. काम भराभर वाढलं आणि मला बरंही वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्याबाईंच्या सोबतीला जाऊबाई आल्या. आल्या आल्या त्यांनी मफलर उचलून उजेडात धरला.

"हे काय, मच्छरदाणी विणून राह्यली का?"

मी खरं ते सांगितलं. त्या हसतील असं वाटलं होतं, पण हसल्या नाहीत.

"बुटका न्हाई घातला तं दाणा कसा उठंल? सगळेच उंच झाले की नुसती भोकं भोकं होतेत." त्यांनी दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं. "उसव."

त्या मफलर धरून बसल्या आणि मी दोरा ओढून गुंडाळत गेले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लई भ्या वाटून राह्यलं का?"

"हो," मी म्हणाले.

"मंग भीत भीत विण. पण बराबर विण."

सकाळी आम्ही आत्याबाईंना 'येतो' म्हणून निघालो. यांना आत नेलं आणि मी बाहेरच्या बाकावर पिशवीतून लोकर काढली. खांब, बोलका, खांब, बोलका, तोंडानं पुटपुटत विणत होते. शेजारची बाई मी जप करतेय असं समजून आदरानं जरा सरकून बसली. मी तिला समजू दिलं.

डॉक्टर बाहेर आले. गाठ नीट निघाली, म्हणाले. आवाजाचं मात्र जागे झाल्यावर बघू.

यांना खोलीत आणलं तेव्हा गळ्याला पांढरी पट्टी होती आणि डोळे अर्धे उघडे. सिस्टर वाकून म्हणाली, "सर, नाव सांगा बरं."

यांचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"सर, नाव सांगा."

पुन्हा ओठ हलले, पुन्हा काही नाही. यांनी सिस्टरकडे बघितलं, छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. राहू द्या, जोर लावू नका, असं म्हणायचं होतं मला. पण मी नुसती पलंगाची कड धरून बसले.

मग यांची नजर माझ्या मांडीवर आली. तिथं मफलर होता आणि सुई अर्ध्या टाक्यात अडकलेली होती. कष्टानं आवंढा गिळला आणि रिकामं जातं फिरवावं तशा घोगऱ्या आवाजात हे म्हणाले, "आता... मुका घे."

सिस्टर जागच्या जागी थांबली. मग पाठ करून सलाईनशी काहीतरी करायला लागली, पण तिचे खांदे हलत होते. मी लाजेनं मेल्याहून मेले आणि त्याच वेळी ढसाढसा रडत होते आणि हसतही होते. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं, लेकरं झाली तेव्हासुद्धा नाही. "अहो, माणसं आहेत," एवढंच मी म्हणू शकले.

घरी फोन लावला. पहिल्या रिंगलाच आत्याबाईंनी उचलला.

"बोलला का?"

"बोलले, आत्याबाई. घसा बसलाय, पण बोलले."

मग त्यांनी विचारलं, "पयला शब्द कोणता निघाला?"

आता काय सांगणार? ज्या घरात तांदूळसुद्धा संपत नाहीत, त्या घराला काय सांगणार?

"'आई' म्हणाले," मी म्हणाले.

"खोटं..." पलंगावरून यांचा घोगरा आवाज आला, "खोटं बोलून राह्यली ती."

मी फोनवर हात ठेवला, पण उशीर झाला होता. पलीकडं आत्याबाई रडत होत्या.

"असू दे खोटं," त्या म्हणाल्या. "आवाज त्याचाच हाय ना?"

"त्यांचाच," मी म्हणाले.